तण लावणारी हरणाबाई

सांगलीत कोल्हापूर रोडवरून आत वळलं की पाण्याची एक जुनी टाकी लागते आणि तिच्या पायथ्याशी बाग. हळदीच्या एका व्यापाऱ्यानं साठेक वर्षांपूर्वी जागा देऊन ट्रस्ट केला, तेव्हापासूनची. फाटकावर त्याच्या वडिलांचं नाव संगमरवरात कोरलंय. ते इतकं लांब आहे की आजवर कुणी शेवटापर्यंत वाचलेलं नाही. सगळे टाकीची बाग म्हणतात.

मी तिथं रोज सकाळी सहाला जातो, पण हौसेनं नव्हे. गुळाच्या अडतीवर तीस वर्षं कारकुनी केली, रोज ढेपेचा खडा जिभेवर ठेवून माल पारखला आणि निवृत्त झालो त्याच महिन्यात डॉक्टरांनी रक्ताचा कागद बघून विचारलं, "काका, तुम्ही काम तरी कसलं करत होता?" तेव्हापासून चालतोय. हरणाबाईची ओळख तिथलीच.

हरणाबाई बागेत बावीस वर्षं कामाला होती. काटक अंगाची, कपाळावर ठसठशीत कुंकू, काष्टा घातलेलं लुगडं आणि कमरेला खोचलेलं खुरपं. तिचं काम एकच, तण काढणं. हिरवळीत हरळीखेरीज दुसरी काडी दिसली की ती उकिडवी बसायची, त्या काडीला एक शिवी द्यायची आणि मुळासकट वर काढायची. प्रत्येक तणाची शिवी वेगळी. गाजरगवताची तर अशी, की योगासनं करणाऱ्या बायकांनी ट्रस्टकडे रीतसर विनंती केली, हरणाबाईंना आमचे श्वास सोडून होईपर्यंत दुसऱ्या कोपऱ्यात काम द्यावं.

ती कडेगावच्या पुढच्या माळावरची, धनगराची लेक. लग्न होईपर्यंत मेंढरांमागं हिंडली. नवरा हळदीच्या पेठेत हमाल होता म्हणून सांगलीत आली. त्याची पाठ दुखावल्यावर बागेत कामाला लागली आणि पहिल्या दिवशी मुकादमानं खुरपं हातात देऊन सांगितलं, "हे हिरवं ठेवायचं, बाकीचं हिरवं काढायचं." एवढं एक वाक्य तिनं बावीस वर्षं पाळलं.

साडेतीन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात बागेची बोअर आटली. हिरवळ पिवळी पडली. टँकर येऊ लागले. ट्रस्टचे अध्यक्ष पृथ्वीराजशेठ रोज हिरवळीपाशी उभे राहून आजारी माणसाकडं बघावं तसं बघायचे. तेव्हा त्यांच्याकडं अंकिता आली. ही कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवणारी, तिशीतली, पाठीला कायम एक पिशवी आणि पिशवीत कायम कसलं तरी रोप. तिनं सांगितलं, टाकीच्या मागची वीस गुंठे हिरवळ काढून टाकू आणि तिथं सांगली वसायच्या आधी जो माळ होता तो परत आणू. इथलंच गवत, इथलीच झुडपं. मग किडे येतील, फुलपाखरं येतील, पक्षी येतील. त्याला पाणी घालावं लागत नाही.

शेठना पक्षी-फुलपाखरं काही ऐकू आली नाहीत. "पाणी घालावं लागत नाही?" त्यांनी दोनदा विचारलं आणि मीटिंगमध्ये ठराव मंजूर झाला. ठरावाची प्रत सूचना फलकावर लागली. ज्या बाईला तण काढायचं थांबवायचं होतं तिला मात्र ते सांगायचं कुणाच्याच डोक्यात आलं नाही. आणि हरणाबाईला वाचता येत नव्हतं.

जुलैतल्या एका रविवारी अंकिता आणि तिची दहा-बारा मुलं चिखलात गुडघे टेकून दिवसभर राबली. टाकीमागची हिरवळ उन्हाळ्यात जळूनच गेली होती, तिथं कुठून कुठून आणलेल्या गवताची चाळीस रोपं तिनं लावली. रविवारी हरणाबाईची सुट्टी.

सोमवारी मी माझी तिसरी फेरी मारत होतो. टाकीच्या मागं अंकिता आ वासून उभी. जमीन स्वच्छ सारवल्यासारखी. कडेला गवताची एक नीटस पेंढी बांधून ठेवलेली आणि पेंढीशेजारी हरणाबाई पदरानं घाम पुसत प्रसन्न उभी.

"बगा म्याडम," ती म्हणाली, "एका सुट्टीत किती माजलं हुतं. चाळीस हुती. म्या मोजून काढली. एकबी ठेवली न्हाई."

अंकिता पेंढीपाशी खाली बसली. तिचे डोळे भरून आले. "मावशी, ती मी लावली होती."

"लावली?" हरणाबाईला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. "कशापायी?"

"ती इथली आहेत. ती दुर्मीळ होत चाललीत. ही जी आहे ना, ही..." आणि अंकितानं हुंदके आवरत दोन-तीन लॅटिन नावं घेतली.

हरणाबाईनं पेंढी सोडली. एक काडी उचलून पान दातांखाली धरलं, चावलं, थुंकलं. "तुमी काय म्हंता ठावं न्हाई. ही पवन्या हाय. मेंढरं हिच्यावर जीव टाकत्यात. ही मारवेल. ही कुसळी, कवळी असंस्तवरच खात्यात, मंग तोंडात रुततीया. आन ह्या तिघी तुमी कशाला आनल्या? ह्या तर नुसत्या हरळीच्या भनी हायत, ह्यांला कुणी दुर्मीळ म्हनंल तर म्या नाव बदलीन."

अंकितानं घाईघाईनं पिशवीतनं पुस्तक काढलं, पानं उलटली, त्या तीन काड्या चित्राशेजारी धरल्या. मग पुस्तक मिटलं. हरणाबाईचं बरोबर होतं.

"मावशी, हे तुम्हाला कुणी शिकवलं?"

"मेंढरांनी. त्येंच्यामागं बारा वर्सं हिंडले की." मग तिला एकदम काहीतरी आठवलं. ती म्हणाली, "म्हंजी तवा म्या हे गवात हुडकत हिंडायची. आन हितं येऊन बावीस वर्सं उपटत बसले. येवढी यडी बाई सांगलीत दुसरी नसंल."

ती हसायला लागली ती थांबेचना. अंकितापण हसली. मग दोघींनी दुपारपर्यंत सदतीस रोपं परत लावली. त्यातली एकतीस जगली.

तिथून बागेत एक चमत्कारिक प्रकार सुरू झाला. ज्या बाईला बघून तण थरथरायचं ती आता तणाला ओंजळीनं पाणी घालत होती. शिव्या बंद झाल्या नाहीत, फक्त दिशा बदलली. कुणी पायवाट सोडून टाकीच्या मागं गेला की ज्या शिव्या आधी गाजरगवताला मिळायच्या त्या त्याला मिळू लागल्या. गाजरगवत आणि घाणेरी मात्र ती अजूनही काढत होती. "ही पावनी म्हनून आली आन घर बळकावून बसली," असं म्हणायची.

दसऱ्यानंतर बी गोळा करायची वेळ आली. हरणाबाई म्हणाली, "माज्या माहेरच्या माळाला चला. पोत्यानं घिऊन येऊ." अंकिताच्या स्कूटरवर मागं बसून ती कडेगावाकडं निघाली, हातात दोन रिकामी पोती.

परत आल्यावर अंकितानं जे सांगितलं ते असं. माळ गेलेला. पाण्याची योजना आली होती आणि जिथवर नजर जाईल तिथवर ऊस उभा. हरणाबाईचा भाऊ मल्हार ट्रॅक्टरवर बसून समोर आला. बहीण बऱ्याच दिवसांनी आली म्हणून त्याला भरून आलं. त्यानं विचारलं, "आक्का, काय न्हिऊ म्हंतीस? ऊस दिऊ? हरभरा?"

"कुसळं हायत का?"

मल्हारनं बहिणीकडं बघितलं, मग अंकिताकडं बघितलं आणि हळूच विचारलं, "आक्काला बरं नसतंय व्हय?"

हरणाबाईला वाईट वाटलं का, म्हणून मी नंतर विचारलं. ती म्हणाली, "वाईट कशाचं? आमची आय दोन कोसावरनं पानी आनायची. आता दारात पाट वाहतोय. भाऊ गुबगुबीत झालाय. पन अन्ना, माळ हुता तितं उबं ऱ्हायले आन वळखीचं एक गवात दिसंना. मला वाट पुसायची पाळी आली, माज्याच माहेरात."

शेवटी मल्हारनंच वाट दाखवली. बिरोबाच्या देवळामागची टेकडी. देवाची जागा म्हणून तिथं कुणी नांगर घातला नव्हता. गुडघाभर पवन्या आणि कुसळी वाऱ्यावर डोलत होती. हरणाबाई देवाला म्हणाली, "तुज्याकडचं घिऊन चालले, परत आनून देते," आणि दोन्ही पोती भरली. मल्हारनं वर मेंढरांच्या लेंडीखताचं तिसरं पोतं बांधलं. एक प्राध्यापिका, एक हरणाबाई आणि तीन पोती घेऊन ती स्कूटर पेठेतनं कशी आली हे ज्यांनी पाहिलं ते अजून सांगतात. सिग्नलला शेजारचा रिक्षावाला नाक दाबून म्हणाला, "म्याडम, हिरवा पडायच्या आधीच जावा."

पुढच्या मृगाच्या आधी ते बी पेरलं आणि दिवाळीपर्यंत टाकीमागं खरोखरीचा माळ उभा राहिला. तरवडाची पिवळी फुलं आली. मुनियांचे थवे आले. आणि सुभेदार लालासाहेब आले.

लालासाहेब कोरेगावकडचे, उसाचे बागायतदार, अठ्ठावीस वर्षं फौजेत काढून सांगलीत लेकाकडं स्थायिक झालेले. बागेतल्या प्रभात मंडळाचे ते प्रमुख. निवडणूक कधी झाली नव्हती. पहिल्या दिवशी त्यांनी "फॉल इन" म्हटलं आणि सगळे रांगेत उभे राहिले, एवढीच काय ती निवड. त्यांना सरळ रेषा आवडायची. हा माळ त्यांना बघवत नव्हता.

"हरणाबाई, हे काय जंगल माजवलंय? माझ्या एरियात असलं गवत दिसलं असतं तर मी अख्ख्या पलटणीला फावडी दिली असती."

"आवं सुभेदार, पलटन पाठवा की. गाजरगवात लय झालंया."

"साप येतील."

"आलाय एक. धामन हाय. उंदरं खातीया. तुमाला बगून बिळात पळाली."

सुभेदारांनी ट्रस्टला अर्ज दिला. "विषय: उद्यानात गवत वाढल्याबाबत." उत्तर आलं नाही म्हणून दुसरा दिला, "विषय: वरील गवत आणखी वाढल्याबाबत." पुरावा गोळा करायला ते स्वतः माळात शिरून फूटपट्टीनं गवताची उंची मोजायचे आणि बाहेर यायचे ते गुडघ्यापर्यंत कुसळं टोचून. मग बाकावर बसून एकेक कुसळ उपटायचे आणि रागानं इकडंतिकडं फेकायचे. हरणाबाई लांबून समाधानानं बघत राहायची. पुढच्या पावसाळ्यात प्रत्येक बाकाभोवती कुसळीचं गोल रिंगण उगवलं, तेव्हा ती त्यांना म्हणाली, "सुभेदार, म्या वाकून वाकून लावते. तुमी नुसतं बसून येवढं लावलंसा!"

तिसऱ्या अर्जाला मात्र यश आलं. एप्रिल उजाडला होता. गवत वाळून खडखडीत झालं होतं. सुभेदारांनी लिहिलं, कुणी विडी टाकली तर आग लागेल आणि टाकीतलं पाणी खाली येईपर्यंत मंडळाचे सभासद भाजून निघतील. खाली अठ्ठेचाळीस सह्या. माझीही होती. सुभेदारांनी कागद समोर धरला की सही करावीच लागते. शेठ आगीला घाबरले. पुढच्या मंगळवारी मशीन आणून सगळं कापायचं ठरलं. अंकितानं पत्र लिहिलं, फोन केले. हरणाबाई दोन दिवस कुणाशी शब्द बोलली नाही, गाजरगवताशीसुद्धा.

त्याच शुक्रवारी सकाळी सुभेदारांवर हल्ला झाला.

ते माळाकडेच्या पायवाटेनं ताठ चालले होते. अचानक "टिटिव्-टिव्-टिव्" असा कानठळ्या बसवणारा आवाज आला आणि काहीतरी सुसाटत येऊन त्यांच्या टोपीला चाटून गेलं. त्यांनी मान खाली घातली. दुसऱ्यांदा टोपीच उडाली. आम्ही सगळे पळालो. सुभेदार पळाले नाहीत, पण बसले.

"टिटवी हाय!" हरणाबाई धावत आली. "सुभेदार, जाग्यावर ऱ्हावा. पाय उचलू नगा! डाव्या बुटाम्होरं बगा."

"काय बघू? खडे आहेत."

"नीट बगा."

सुभेदारांनी चष्मा सारखा केला. अगदी वीतभर अंतरावर, उघड्या मुरमात, चार अंडी. खड्यांच्याच रंगाची, वर काळपट ठिपके. ते मिनिटभर बघत राहिले. टिटवी डोक्यावर कोकलत होती.

"अख्खी सर्व्हिस झाली," ते शेवटी हळू आवाजात म्हणाले, "असा कॅमोफ्लाज कुठल्या जवानाला जमला नाही."

हरणाबाईनं त्यांना हाताला धरून मागं आणलं, बाकावर बसवलं. तिथून ते दोन तास हलले नाहीत. दहा वाजता ऊन भाजायला लागलं तेव्हा टिटवी उठली, गळक्या नळाखालच्या डबक्यात जाऊन बसली, पोट भिजवलं आणि ओल्या पोटानं परत येऊन अंड्यांवर बसली. थोड्या वेळानं पुन्हा गेली, पुन्हा भिजवून आली.

"हे काय करती ही?" सुभेदारांनी विचारलं.

"अंडी गार करतीया. मुरूम तापलाय न्हवं."

"रिलीफ कोण देतंय हिला?"

"नर यील की. आळीपाळीनं बसत्यात."

नर आला, मादी उठली. सुभेदार नकळत उभे राहिले आणि गार्ड बदलताना राहतात तसे ताठ राहिले. दुसऱ्या दिवशी त्यांनी पायवाट दोरी लावून बंद केली. तिसऱ्या दिवशी मंडळाच्या सभासदांना दोन-दोन तासांच्या पाळ्या लावून दिल्या. माझी पाळी सहा ते आठ. टोपीऐवजी हेल्मेट घालून यायचा हुकूम होता. बागेच्या बाकांवर हेल्मेट घातलेले म्हातारे बसलेले बघून नवीन येणारी माणसं फाटकातनंच परत जायला लागली.

या सगळ्यात मंगळवारची आठवण कुणालाच राहिली नाही.

मंगळवारी साडेसात वाजता आकाराम नावाचा माणूस गवत कापायचं मशीन खांद्याला अडकवून आला. दोरीपाशी सुभेदार उभे.

"थांब! कोण तू?"

"गवात कापायला आलोय."

"हे गवत कापता येणार नाही. कुणाची ऑर्डर?"

आकारामनं खिशातनं घडी घातलेला कागद काढला. "हितं लिवलंय. लालासाहेब कोन हायत, त्येंचा अर्ज हाय. त्येंनी दाकवायचं, म्या कापायचं."

सुभेदारांनी कागद घेतला. स्वतःचं अक्षर वाचलं. विषय, संदर्भ, अठ्ठेचाळीस सह्या, खाली स्वतःची लफ्फेदार सही. आम्ही हेल्मेटं काढून बघत होतो. हरणाबाई तोंडाला पदर लावून उभी होती.

"हा मनुष्य," सुभेदार कागदावरून नजर न हलवता म्हणाले, "बेजबाबदार आहे. जागेची पाहणी न करता अर्ज केलेला दिसतोय."

"मंग त्येंनाच इचारतो. ऱ्हात्यात कुटं?"

"गावाला गेलेत."

"कवा येनार?"

"अठ्ठावीस दिवसांनी." अंडी उबायला तेवढे दिवस लागतात, हे त्यांना हरणाबाईनं सांगितलं होतं.

आकारामनं मशीन खाली ठेवलं. त्याला टिटवी दिसली, दोरी दिसली, हेल्मेटं दिसली. तो समजूतदार होता. त्यानं हरणाबाईकडनं पाणी मागून घेतलं आणि गेला. सुभेदारांनी त्याच दिवशी चौथा अर्ज दिला, "विषय: मागील तिन्ही अर्ज चुकीचे असल्याबाबत." आगीची भीती मात्र खरीच होती. तेव्हा माळाच्या कडेनं चार हात रुंद पट्टा मोकळा ठेवायचा असं हरणाबाईनं सुचवलं. तो पट्टा सुभेदारांनी दोरी धरून आखला. तेवढी एक सरळ रेषा त्यांना मिळाली.

चार अंड्यांतनं तीन पिल्लं निघाली. एक दुसऱ्याच दिवशी मांजरानं नेलं. सुभेदार त्या सकाळी चालले नाहीत, नुसते बसून राहिले. हरणाबाई त्यांच्याजवळ जाऊन उभी राहिली. "दोन हायत की सुभेदार," एवढंच म्हणाली. ती दोन मोठी झाली आणि उडून गेली.

पावसाळ्यात अंकितानं हरणाबाईला कॉलेजात बोलावलं. वर्गात साठ पोरं, पुढच्या रांगेत उपप्राचार्या विजयमाला मॅडम. मी सोबत गेलो होतो. हरणाबाई स्टेजवर खुर्चीत बसायला तयार नव्हती. उभीच राहिली, खुरपं हातात घेऊन. भाषण असं काही झालंच नाही. एका मुलीनं विचारलं, "आजी, पवन्या आणि मारवेल फुलं नसताना कशी ओळखायची?"

"चावून."

पोरं हसली. हरणाबाई हसली नाही. तिनं पिशवीतनं दोन जुड्या काढल्या आणि वर्गातनं फिरवल्या. "हसू नगा. चावा. पाला म्होरल्या दातानं, दांडा दाढंनं." साठ पोरं चावायला लागली. मग जुड्या विजयमाला मॅडमपुढं आल्या. कडक इस्त्रीची साडी, गळ्यात चष्म्याची साखळी. मॅडमनी दोन्हींतली एकेक काडी घेतली आणि डोळे मिटून चावली. "ही जरा गोडसर आहे," त्या म्हणाल्या, "आणि ही खरखरीत."

"बराबर," हरणाबाई म्हणाली. "तुमी मेंढरांत चालला असता."

टाळ्या इतक्या झाल्या की शेजारच्या वर्गातली पोरं दारात गोळा झाली. मॅडमनी पुढं होऊन तिचा हात हातात घेतला आणि विचारलं, आमच्या मैदानाच्या कडेला असं काही होईल का. हरणाबाईनं खिडकीतनं मैदानाकडं बघितलं. "व्हईल," ती म्हणाली, "पन तुमच्या माळ्याला आदी माज्याकडं पाठवा. आन रविवारी न्हाई, म्या असताना."

आता मंगळवारी आणि शुक्रवारी ती कॉलेजात असते. परवा भेटली तेव्हा कॉलेजच्या माळ्यावर भयंकर चिडलेली होती. तिनं लावलेलं सगळं त्यानं उपटून, धुऊन, नीट पेंढी बांधून ठेवलं होतं.

"मग?" मी विचारलं.

"मंग काय," ती म्हणाली, "बसवला त्याला आन एकेक काडी चावाया लावली. दुपारपातूर."